दादांची तळी, अव्वांची केरी

आमच्या लातूरच्या घरात तळ्यांवरच्या पुस्तकांनी एक कपाट भरलेलं आहे आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. पाणी यायच्या दिवशी मला बसवत नाही. नळाखाली बादली लावून मी घरभर फिरते. मग हाताला चाळा म्हणून कपाटातलं एखादं पुस्तक काढते, अर्धं पान वाचते, मिटते, नळाकडे जाऊन येते, येताना दुसरंच पुस्तक काढते. त्यामुळे जगातल्या पुष्कळ तळ्यांची सुरुवात मला तोंडपाठ आहे. शेवट एकाचाही माहीत नाही. माझ्या मुलांचं म्हणणं असं की आईच्या सगळ्याच गोष्टी अशा असतात. ही एक तरी शेवटापर्यंत न्यायची असं ठरवून बसलेय.

ही पुस्तकं माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. ते मुदखेडला शाळामास्तर होते. निजामाच्या काळात शिकलेले, त्यामुळे उर्दू मराठीइतकंच सफाईनं वाचायचे. मात्र पोहता येत नव्हतं, नावेत कधी पाय ठेवला नव्हता, आणि नदीच्या घाटावर गेले तरी शेवटच्या तीन पायऱ्या सोडूनच उभे राहायचे. तरीही तळं म्हटलं की माणूस पाघळला. रविवारी एसटीनं कधी बिलोलीकडे जायचे, कधी हदगावकडे, आणि एखाद्या गावतळ्याच्या बांधावर छत्री उघडून बसून यायचे. कुणी कुठलं तळं बांधलं, सांडवा कुठं काढला, काठावर धोबी कुठल्या अंगाला आणि भोई कुठल्या अंगाला, देऊळ आधी की पाणी आधी, हे सगळं ते पुस्तकात शोधायचे. हैदराबाद संस्थानातल्या तलावांवरचं एक उर्दू पुस्तक त्यांच्या जिवाचा तुकडा होतं. शिवाय परदेशातल्या कुठल्या तरी गोठणाऱ्या सरोवराच्या काठावरच्या लोकांवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यातलं त्यांना निम्मं समजायचं. उरलेलं निम्मं ते मनानं सांगायचे, आणि तेच जास्त चांगलं असायचं.

आईला या प्रकाराचा वैताग होता. घरात प्यायला पाणी नाही आणि हे पाण्याची पुस्तकं आणतात, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. तिचं चूक नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात आमची विहीर तळाला गेली. इंजिनात पाणी भरायचा सोंडेसारखा नळ मुदखेडच्या स्टेशनात होता. त्यातून सांडेल ते धरायला आम्ही पोरी घागरी घेऊन जायचो. रेल्वेचा माणूस हाकलायचा, आम्ही परत जायचो. मानेत तेव्हा जी कळ बसली ती अजून पावसाळी हवेत उठते. तेव्हाच मी जाहीर केलं की लग्न करीन तर पाण्याच्या गावात, नाहीतर करणारच नाही. दहा वर्षांच्या पोरीचं बोलणं कुणी मनावर घेत नाही. दादांनी घेतलं.

मी बी. ए. झाले तेव्हा लातूर नवा जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. आमच्या नात्यात लातूरची हवा होती. तिकडं नव्या कचेऱ्या निघतायत, नोकऱ्या लागतायत, जो तो तिकडं पळतोय. अशात एक स्थळ आलं. मुलगा लातूरच्या नव्या कचेरीत कारकून, गाव उदगीरच्या पुढं कर्नाटकाच्या कडेला. वडील नाहीत, आई गावातच छोटं किराणा दुकान चालवते. आम्ही एकाच समाजाचे, शंकराचे भक्त, गळ्यात लिंग. फरक एवढाच की तिकडच्यांच्या घरात निम्मी कानडी चालते आणि मुदखेडच्या आम्हा लोकांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. दादांना मात्र कळतं असं दादांचं मत होतं. त्यांच्या पुस्तकांत तळ्यांचे कानडी शब्द दिलेले होते, आणि कानडीत तळ्याला केरे म्हणतात हे ते आल्यागेल्याला सांगायचे.

मुलगा, त्याची आई आणि एक मामा बघायला आले. पोहे झाले, माझं नाव-गाव विचारून झालं, आणि मग दादांनी विहिणीलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. घर गावात कुठं येतं, म्हणाले.

"आमचं घर केरीतच हाय," विहीणबाई म्हणाल्या. "दुकान केरीत, मठ केरीत. केरी सोडून बाईमाणसाला कुठं जायाची गरज पडत न्हाई."

दादांचा चेहरा मी त्याआधी एवढा उजळलेला पाहिला नव्हता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. केरे, केरी, बोलीभाषेत एवढं चालायचंच. काठावर घर, काठावर मठ.

"जुनी असेल," दादा म्हणाले.

"लई जुनी. निजामाच्याही आधीची म्हणतेत."

"आणि मोठी?"

"रुंदीला काय न्हाई, पर लांब हाय. या तोंडाला हाक मारली तर त्या तोंडाला ऐकू जात न्हाई."

"उन्हाळ्यात कशी असते?"

"उन्हाळ्यात समदे रातच्याला केरीतच झोपतेत की."

काठावरची गार हवा, दादा आमच्याकडं वळून म्हणाले. मग त्यांनी पावसाळ्याचं विचारलं. पावसाळ्यात गुडघ्याएवढं पाणी राहतं, असं उत्तर आलं. त्यावर दादा जरा गंभीर झाले. गुडघाभरच म्हणजे गाळ फार साचला असणार. गाळ कसला, नुसता चिखल असतो, विहीणबाई म्हणाल्या. मग तलावातला गाळ कसा काढावा, कुणाच्या शेतात टाकावा, यावर दादा त्यांना बराच वेळ सांगत राहिले. ती बाई माना डोलावत ऐकत होती. मास्तरमाणूस आहे, बोलायची सवय असते, असं तिला वाटलं असणार.

पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, स्थळ चांगलं आहे, कैऱ्यांची झाडं आहेत दारात. तिनं कैरी ऐकलं होतं. लोणच्याची सोय झाली म्हणून ती खूश, तळ्याची सोय झाली म्हणून दादा खूश. मी मुलाकडं एकदाच चोरून बघितलं होतं. तो पूर्ण वेळ पंख्याकडं बघत होता. पण पाणी आहे म्हटल्यावर मीही हो म्हटलं. लग्न लागलं. निघतानाच्या गर्दीत, मांडवातच दादा मला मोठ्यानं म्हणाले की पाणी नसलं तर कळव, मी न्यायला येतो. लोक हसले. दादा हसले नाहीत.

वरात संध्याकाळी गावात शिरली. मी डोक्यावरच्या पदराखालून पाणी कुठं चमकतंय ते बघत होते. दिसली ती दोन्ही बाजूंनी घरं असलेली अरुंद, उतरती बोळ. सकाळी उठून मी सासूबाईंना विचारलं. त्यांना सगळे अव्वा म्हणायचे.

"अव्वा, केरी कुठंय?"

"उभी कुठं हायेस मग?"

कानडीत केरे म्हणजे तळं आणि केरी म्हणजे गल्ली. एका मात्रेचा फरक. दादांच्या पुस्तकांत तळ्याचा शब्द होता, गल्लीचा असायचं काही कारण नव्हतं.

पाणी गावाबाहेरच्या विहिरीवरून आणायचं. त्या साली पाऊस असा तसाच झाला होता, त्यामुळे होळीपासूनच पोहरा खाली आपटायला लागला. बायका पहाटे नंबर लावायच्या, खरवडून घागर भरायची, चढ चढून केरीत यायचं. माझा नवरा सोमवारी पहिल्या गाडीनं लातूरला जायचा आणि शनिवारी संध्याकाळी यायचा. मधले सगळे दिवस मी आणि अव्वा. त्या दुकानात, मी चढावर. संध्याकाळी मी पायरीवर बसायची, उठायची, केरीच्या तोंडापर्यंत जाऊन यायची. अव्वा म्हणायच्या, पोरी, पायाला भिंगरी हाय का तुझ्या. काय सांगणार? मांडवपरतणीला माहेरी गेले तेव्हा दादा शेजाऱ्यांना त्या तळ्याचं वर्णन सांगत बसले होते, लांबी-रुंदीसकट. त्यांच्या तोंडावर सांगवलं नाही. चैत्रात मुदखेडकडं निघालेल्या एका नातेवाइकाबरोबर मात्र निरोप धाडला, दादांना म्हणावं तळं नाही.

सुट्टी लागल्या लागल्या दादा आले. खांद्याला पिशवी, हातात छत्री, पिशवीत ते उर्दू पुस्तक. मी ट्रंक आधीच भरून ठेवली होती. नवऱ्याला शनिवारीच सांगितलं होतं की दादा आले की मी जाणार, आणि परत येईन की नाही ते आत्ता विचारू नका. त्यानं विचारलं नाही.

अव्वांनी दादांना दुकानाच्या पायरीवर बसवून केरीचा अर्थ सांगितला. आधी त्यांना हसू आवरेना, मग दादांचं तोंड बघून आवरलं. "मास्तर, तुमच्या बुकात केरी नव्हती व्हय?" एवढंच विचारलं. दादांनी केरी या तोंडापासून त्या तोंडापर्यंत बघितली. मला वाटलं आता उठतील आणि म्हणतील, चल.

ते म्हणाले, केरी हा शब्द केरेवरूनच आला असणार. एवढी उतरती गल्ली उगाच होत नाही. इथं पूर्वी तळं असलं पाहिजे.

आणि ते राहिले. लेकीच्या सासरी मुक्काम बरा दिसत नाही म्हणून केरीच्या टोकाच्या मठात उतरले. सकाळपासून गल्लीत फेऱ्या सुरू. म्हाताऱ्यांना गाठून विचारायचं, तुमच्या आजोबांनी इथं पाणी पाहिलं होतं का. जोत्याचे दगड बघायचे, मठाच्या पायऱ्या मोजायच्या, पुस्तक उघडून उदगीरकडचं प्रकरण पुन्हा वाचायचं. म्हातारे खूश होते, इतक्या वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. एकानं तर आपल्या पणज्याला इथं मगर दिसल्याचं सांगून टाकलं. माझी ट्रंक दारात तशीच. आणि आता मठात दादांच्या आंघोळीला एक घागर जास्त लागायला लागली होती.

"तुझे वडील तळं शोधायलेत," अव्वा मला म्हणाल्या, "अन् पाणी तू आणायलीस."

त्याच आठवड्यात एका सकाळी मी विहिरीवरून आले, कळशी दारात ठेवली आणि घागर घेऊन आत गेले. बाहेर आले तर दादा गल्लीच्या मधोमध वाकलेले. त्यांनी माझी कळशी उपडी केली होती आणि पाणी कुठल्या अंगाला वाहतं ते बघत होते. पाणी थोडं पुढं गेलं, धुळीत वळलं आणि जिरलं. बघ, खोलगट भाग इथं आहे, ते म्हणाले. आनंदानं म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, ती कळशी मी आणली होती."

ते सरळ झाले. गल्लीतली दोन-चार माणसं आपापल्या कामाला लागल्यासारखं करायला लागली.

"तुम्ही मला न्यायला आलात की तळं शोधायला?"

"तळं निघालं," दादा हळू म्हणाले, "तर मी तुला फसवलं नाही, असं होईल."

"फसवलं म्हणतंय कोण? आणि निघालं तरी मी त्यात घागर बुडवणार आहे का?"

 त्यांनी कळशी उचलून पायरीवर ठेवली आणि म्हणाले, सोमवारी जाऊ. नांदेडची गाडी सकाळी असते.

म्हणजे ठरलं. मला हलकं वाटायला हवं होतं, ते वाटेना. आयुष्यभर मुदखेडच्या ओट्यावर बसून दादांकडून तळ्यांच्या गोष्टी ऐकायच्या, आणि आईनं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं की पोरीच्या सासरी पाणी नव्हतं हो. मी ट्रंक दोनदा सोडली, दोनदा भरली.

शनिवारी नवरा आला. दादा मठात, अव्वा दुकानात. तो ट्रंकेकडं बघून खाली बसला आणि लातूरच्या गोष्टी सांगायला लागला. कचेरीची पाटी रंगवून तयार आहे पण कचेरीला इमारत नाही, साहेब एका वाण्याच्या गोदामात बसतात. जो येतो तो जागा शोधतो, मिळत नाही. मग थांबून म्हणाला, "मी एक खोली बघितलीय. तुला सांगावं की नाही कळत नव्हतं. नळ आहे."

"पाणी येतं?"

"मालक म्हणतो, येतं. शेजारी हसतात. मला माहीत नाही."

"मग?"

"मग काय. येईल असं मी म्हणत नाही."

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाकडं नीट बघावं. माझ्या आयुष्यात पाण्याबद्दल "मला माहीत नाही" असं म्हणणारं माणूस तोवर भेटलं नव्हतं. सगळ्यांना माहीत असायचं, कुठं आहे, किती आहे, पुढच्या साली कसं येणार. मी म्हटलं, सोमवारी मीही तुमच्याबरोबर येते.

अव्वांना सांगताना मात्र जीभ जड झाली. मी गेल्यावर चढावर कोण, हे त्यांनाही दिसत होतं, मलाही. गुडघेदुखीनं त्यांना दुकानाच्या पायऱ्या नको व्हायच्या.

"जा," त्या म्हणाल्या. "पाण्यासाठी सून आणली व्हय मी?" मग जरा थांबल्या. "थोडी आणली होती म्हणा. पर जा. ह्याच्या-त्याच्या हातचं किती दिवस खाईल तो."

इथलं पाणी कोण आणेल, मी विचारलं. आणंल कुणीतरी, म्हणाल्या आणि गूळ फोडायला बसल्या.

सोमवारी एसटी स्टँडवर दादा माझी ट्रंक धरून नांदेडच्या गाडीच्या जागी उभे. मी त्यांना सांगितलं की मी लातूरला जातेय. त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, तिथं पाणी आहे का. तो म्हणाला, नक्की नाही सांगता येत. दादा त्याच्याकडं बघत राहिले, जणू कुणी परक्या भाषेत बोललंय. मग त्यांनी स्वतःच ट्रंक लातूरच्या गाडीत चढवली. तुम्ही आजच मुदखेडला जाणार ना, मी खिडकीतून विचारलं. नाही, म्हणाले, माझं इथं काम राहिलंय. माझ्या मनात आलं, परत तळं. वैताग आला. गाडी सुटली तरी मी मागं वळून बघितलं नाही.

लातूरच्या खोलीतला नळ पहिल्या सकाळी नुसता फुसफुसला. दुसऱ्या दिवशी दोन बादल्या आल्या. तिसऱ्या दिवशी काही नाही. मी सगळा आठवडा खोलीत येरझारा घातल्या. शेजारीण म्हणाली, नवीन जिल्ह्याची नवीन नवरी, बसतच नाही. मला सारखा चढ दिसायचा आणि चढावर अव्वा. शनिवारी नवरा गावी गेला तेव्हा मी त्याला सांगितलं, बघून या, पाण्याचं काय केलंय त्यांनी.

तो सोमवारी परस्पर कचेरीत जाऊन संध्याकाळी खोलीवर आला. हातपाय धुवायला तांब्यातलं पाणी घेतलं, निम्मं परत ठेवलं.

"तुझे वडील आणून देतात," तो म्हणाला. "अव्वाला एक घागर, मठाला एक. शाळा उघडेपर्यंत राहणार आहेत म्हणे."

मला आधी समजलंच नाही. शेवटच्या तीन पायऱ्या सोडून उभे राहणारे दादा विहिरीच्या काठावर वाकून पोहरा ओढतायत, हे डोळ्यांपुढं येईना. मी विचारलं, खांद्यावर आणतात की डोक्यावर. खांद्यावर, तो म्हणाला, आणि लई सांडतात. अव्वा ओरडतात, लहान घागर घ्या, तर ऐकत नाहीत. गल्लीतले लोक हसतात. त्याचंही काही नाही.

"तळ्याचं काय म्हणाले?"

"तळ्याचं काही बोलले नाहीत." तो आठवत बसला. "म्हणाले, तिला सांगा, पहाटे नंबर लावण्यात अर्थ नाही. दुपारी उन्हाच्या वेळी विहिरीवर कुणी नसतं. तोवर झरा पुन्हा भरतो, घागर एका दमात भरते."

मी दोन महिने पहाटे उठून नंबर लावला होता. मला ते सुचलं नव्हतं, गल्लीतल्या कुठल्या बाईलाही नाही. पण मे महिन्याच्या दुपारी तो चढ कसा तापतो ते मला माहीत होतं, आणि दादांचं वय मला माहीत होतं.

मी त्याला म्हटलं, पुढच्या शनिवारी जाल तेव्हा त्यांच्यासाठी डोक्याला बांधायला पंचा घेऊन जा. एक नको, दोन न्या.